आकाशांतील अनोळखी आवाज व त्यांची परीक्षा



एखादा ओळखीचा मनुष्य दाराशीं येऊन हांक मारतो, तेव्हां तो कोण हें आपण बहुधा न पाहतांच ओळखतों. आवाजाचा ढंग, बोलण्याची लकब, येण्याची वेळ, पायांची चाहूल, या साऱ्या गोष्टी मिळून आपल्या मनांत एकच नांव उभें राहतें. परंतु हांक मारणारा शेंकडों कोसांवर असेल, त्याला चेहरा नसेल, तो स्वतःचें नांव सांगत नसेल, आणि तो वीस वर्षांपूर्वींच निवर्तला असें सर्वांनीं धरून चाललें असेल, तर त्याला ओळखावयाचें कसें? हा प्रश्न काल्पनिक नाहीं. इ. स. २००२ मध्यें तो खरोखरच उपस्थित झाला होता, आणि त्याचें जें उत्तर मिळालें त्यांत विज्ञानाच्या अभ्यासकानें शिकण्यासारखें पुष्कळ आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमि सांगणें अवश्य आहे. बिनतारी संदेशांची विद्या ज्यांनीं पोटासाठीं नव्हे, तर निव्वळ आवडीसाठीं जोपासली आहे, अशा लोकांचा एक समाज सर्व जगभर पसरलेला आहे. त्यांना 'हॅम' असें म्हणतात. आपल्या देशांतही सरकारी परीक्षा देऊन परवाना मिळविलेले असे हौशी लोक आहेत. रशियानें ता. ४ ऑक्टोबर १९५७ रोजीं 'स्पुटनिक' हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडला, तेव्हां त्याचा आवाज ऐकणारांत हे लोकही होते. पुढें चारच वर्षांनीं, ता. १२ डिसेंबर १९६१ रोजीं, कॅलिफोर्नियांतील हौशी मंडळींनीं स्वतः तयार केलेला 'ऑस्कर १' नांवाचा चिमुकला उपग्रह एका सरकारी अग्निबाणाबरोबर कक्षेंत गेला. त्याचें वजन अवघें साडेचार किलोग्रॅमच्या आसपास होतें, आणि त्याचें बोलणें तर त्याहूनही थोडें. मोर्सच्या लिपींतील 'एच्' व 'आय्' हीं दोन अक्षरें, म्हणजे चार टिंबें आणि मग दोन टिंबें, एवढेंच तो पुनःपुन्हां उच्चारी. इंग्रजींत हा 'हाय' शब्द भेटतांना म्हणण्याचा आहे. परंतु या अभिवादनांत एक युक्ति योजलेली होती. उपग्रहाच्या पोटांतील उष्णतेप्रमाणें त्या शब्दाची गति बदलत असे. घड्याळ हातीं घेऊन ठराविक वेळांत तो शब्द किती वेळां आला हें मोजलें, म्हणजे अंतरिक्षांतील त्या पेटीचें उष्णतामान जमिनीवर बसून कळे. त्याच्या सुमारें तीन आठवड्यांच्या आयुष्यांत २८ देशांतील ५७० हून अधिक हौशी लोकांनीं आपापल्या नोंदी पाठविल्या. शब्दाचा अर्थ एक आणि शब्दाच्या चालीचा अर्थ दुसरा, हें येथें दिसून आलें. पुढील विवेचन वाचतांना ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

या वंशांतील सातवा उपग्रह 'ऑस्कर ७' ता. १५ नोव्हेंबर १९७४ रोजीं कॅलिफोर्नियांतील वँडेनबर्ग येथून सोडण्यांत आला. अमेरिका, जर्मनी, कॅनडा व ऑस्ट्रेलिया या देशांतील हौशी लोकांनीं त्याचे निरनिराळे भाग घडविले होते. आठ बाजूंची, सुमारें एकोणतीस किलोग्रॅम वजनाची ही पेटी जमिनीपासून सुमारें १४५० किलोमीटर उंचीवर, सुमारें ११५ मिनिटांत पृथ्वीची एक प्रदक्षिणा पुरी करूं लागली. तिच्यांत दोन पुनःप्रक्षेपक यंत्रें होतीं. एका कंपनसंख्येवर खालून आलेलें बोलणें घेऊन दुसऱ्या कंपनसंख्येवर तें पुन्हां पृथ्वीकडे पाठविणें हें त्यांचें काम. त्यामुळें एकमेकांपासून हजारों किलोमीटर दूर असलेलीं माणसें परस्परांशीं बोलूं शकत. याशिवाय उपग्रहाची प्रकृति कळविणारा एक संकेतही त्यांतून सतत येत असे. अशा संकेतास 'बीकन' म्हणतात. हा उपग्रह साडेसहा वर्षें चांगला चालला, आणि मग मुका झाला.

त्याच्या मौनाचें कारण बॅटरी होती. उपग्रहाच्या अंगावरील सौरपट्ट्या सूर्यप्रकाशापासून वीज उत्पन्न करतात, आणि पृथ्वीच्या छायेंत असतांना उपयोगी पडावी म्हणून तिचा कांहीं भाग बॅटरींत सांठविला जातो. १९८१ च्या मध्यास या बॅटरींत शॉर्ट सर्किट झालें. त्याचा परिणाम काय होतो हें तुम्हीं प्रयोगशाळेंत पाहिलेंच आहे. दिव्याच्या दोन टोकांना आडवी एक जाड तार लावली, तर सर्व प्रवाह त्या तारेंतूनच धांवतो आणि दिवा विझतो. तसाच प्रकार तेथें झाला. सौरपट्ट्या वीज देत होत्या, पण ती त्या बिघडलेल्या बॅटरींतूनच वाहून जाई आणि प्रेषकाच्या वांट्यास कांहीं येईना. कक्षा मात्र ढळली नाहीं. एवढ्या उंचीवर हवेचा विरोध जवळजवळ नसल्यामुळें तो निर्जीव गोळ्याप्रमाणें पृथ्वीभोवतीं फिरतच राहिला. हौशी मंडळींनीं त्याचें नांव चालू उपग्रहांच्या यादींतून काढून टाकलें. एकवीस वर्षें कोणीं त्याची वाट पाहिली नाहीं.

ता. २१ जून २००२ रोजीं इंग्लंडमधील एका अनुभवी हौशी गृहस्थांना १४५.९७ मेगाहर्ट्झच्या आसपास मोर्सचा एक संथ संकेत ऐकूं आला. आरंभीं 'हाय हाय', आणि मग एकामागून एक तीन-तीन अंकी संख्या. नांव नाहीं, गांव नाहीं, परवान्याचें चिन्ह नाहीं. संकेत आला, कांहीं वेळ टिकला, आणि मावळला. त्याची चाल जुन्या ऑस्कर उपग्रहांसारखी आहे, हें त्या गृहस्थांच्या सरावलेल्या कानास जाणवलें. परंतु जाणवणें निराळें आणि सिद्ध होणें निराळें. त्यांनीं ही वार्ता इतरांस कळविली, ठिकठिकाणच्या लोकांनीं कान लाविले, वेळा ताडून पाहिल्या, आणि थोड्याच अवधींत हा आवाज ऑस्कर ७ चाच आहे असा निर्णय झाला. असा निर्णय कोणकोणत्या पुराव्यांवर करतां येतो, तें आतां आपण न्यायालयांतील साक्षीदार तपासावे तसें एकेक करून पाहूं.

पहिला साक्षीदार म्हणजे कंपनसंख्या. प्रत्येक प्रेषक सेकंदास ठराविक कंपनें करणारी लहर पाठवितो आणि ती संख्या उपग्रह बांधतांनाच ठरलेली असते. 'हाय हाय' म्हणून मोर्समध्यें अंक सांगणारे त्या काळचे उपग्रह तीन होते. १९७२ सालचा ऑस्कर ६, १९७४ सालचा ऑस्कर ७ आणि १९७८ सालचा ऑस्कर ८. यांपैकीं सहाव्याचे व आठव्याचे बीकन २९ व ४३५ मेगाहर्ट्झच्या सुमारास होते. १४५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांत बोलणारा तिघांत एकटा सातवाच. ही साक्ष वजनदार खरी, पण पुरेशी नव्हे. त्याच पट्ट्यांत पृथ्वीवरील कितीतरी लोक मोर्समध्यें बोलत असतात, आणि एखाद्या विनोदी मनुष्यानें घरीं बसून 'हाय हाय' असा संकेत पाठविला, तर या साक्षीदारास तें कळणार नाहीं.

दुसरा साक्षीदार म्हणजे भाषेची रचना. ऑस्कर ७ आपल्या प्रकृतीचें वर्तमान चोवीस संख्यांत सांगतो. त्यांच्या सहा ओळी, आणि प्रत्येक ओळींत चार संख्या. प्रत्येक संख्येंतील पहिला अंक ओळीचा क्रमांक असतो आणि पुढील दोन अंक मोजलेलें मूल्य दाखवितात. म्हणून पहिल्या चारही संख्या एकानें सुरू होतात, पुढील चार दोहोंनीं, आणि याप्रमाणें सहापर्यंत. कोणत्या पट्टीवर किती वीज येत आहे, कोठें किती उष्णता आहे, हें त्या अंकांवरून काढतां येतें. आठव्या उपग्रहाचें वर्तमान मात्र सहाच संख्यांचें होतें. म्हणजे ओळी नीट लिहून घेतल्या, तर लिहिणाऱ्यास अर्थ ठाऊक नसला तरी रचनेवरून बोलणाऱ्याचें घराणें कळतें. आपल्याकडील जाणता माणूस बोलण्याच्या हेलावरून हा कोंकणांतला, हा वऱ्हाडांतला, असें सांगतो. त्यांतलाच हा प्रकार.

तिसरा साक्षीदार म्हणजे घड्याळ. उपग्रह मृत झाला तरी त्याचा मार्ग रडारवरून मोजला जातो आणि त्याची नोंद ठेविली जाते. अमेरिकन सरकारच्या सूचींत ऑस्कर ७ चा क्रमांक ७५३० असा आहे, आणि त्याच्या मौनाच्या काळांतही ती नोंद पुसली गेली नव्हती. तिच्यावरून तो कोणत्या गांवाच्या क्षितिजावर किती वाजतां उगवेल आणि किती वाजतां मावळेल हें गणितानें सांगतां येतें. तो अगदीं डोक्यावरून गेला तर सुमारें बावीस मिनिटें क्षितिजाच्या वर राहतो. सुमारें ११५ मिनिटांनीं तो पुन्हां त्याच अक्षांशावर येतो, पण तेवढ्या वेळांत पृथ्वी सुमारें २९ अंश पूर्वेकडे फिरलेली असल्यामुळें त्याचा मार्ग तितका पश्चिमेस सरकलेला दिसतो. अनोळखी आवाजाच्या येण्याजाण्याच्या वेळा या वेळापत्रकाशीं एकदां जुळल्या, तर तो योगायोग असूं शकेल. परंतु चार दिवस, वेगवेगळ्या देशांतील पांच जणांच्या वहींत त्या जुळल्या, तर योगायोगास जागा राहत नाहीं.

चौथा साक्षीदार सर्वांत प्रामाणिक आहे, कारण त्याला पढवितां येत नाहीं. आगगाडी शिट्टी वाजवीत स्टेशनांतून वेगानें पुढें निघून जाते, तेव्हां जवळ येतांना शिट्टीचा स्वर चढा असतो आणि दूर जातांना तो एकदम उतरतो, हें तुम्हीं अनुभवलें असेल. हा नियम ऑस्ट्रियांतील शास्त्रज्ञ ख्रिश्चन डॉप्लर यानें १८४२ मध्यें मांडला, आणि १८४५ मध्यें हॉलंडांतील बॉइस बॅलट या शास्त्रज्ञानें उट्रेख्टजवळ आगगाडींत वाजंत्री बसवून तो पडताळून पाहिला. रेडिओच्या लहरींस हाच नियम लागू पडतो. ऑस्कर ७ सेकंदास सुमारें सात किलोमीटर वेगानें धांवतो. तो क्षितिजावर उगवतांना त्याचा आवाज खऱ्या कंपनसंख्येपेक्षां सुमारें २८०० कंपनांनीं चढा ऐकूं येतो. तो आपल्याला सर्वांत जवळ असेल त्या क्षणीं कंपनसंख्या खरी येते, आणि मावळतांना तितक्याच कंपनांनीं उतरलेली असते. आलेखाच्या कागदावर आडव्या रेषेवर वेळ व उभ्या रेषेवर कंपनसंख्या मांडली, तर प्रथम सपाट, मध्यें घसरती व पुन्हां सपाट अशी वक्ररेषा तयार होते. उपग्रह अगदीं जवळून गेला तर मधला उतार कड्यासारखा तीव्र, दुरून गेला तर टेकडीसारखा सौम्य. म्हणजे या एका रेषेंत जवळीकीची वेळ, अंतर व वेग हीं तिन्ही सांठविलेलीं असतात. १९५७ मध्यें अमेरिकेंतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेंतील गायर व वायफेनबाख या दोघां तरुण शास्त्रज्ञांनीं स्पुटनिकच्या अशा रेषांवरून त्याची कक्षाच काढली होती. घरीं बसून खोटा संकेत पाठविणाऱ्या विनोदी माणसाची रेषा मात्र सरळ आडवी येईल, आणि त्याचें बिंग तेथेंच फुटेल.

पांचवा साक्षीदार म्हणजे आवाजाचा चढउतार आणि त्याचें मौन. आधार सुटलेला उपग्रह अंतरिक्षांत गडगडत असतो आणि त्याची आकाशतार कधीं आपल्याकडे तर कधीं दुसरीकडे वळते. त्यामुळें आवाज ठराविक तालावर मोठा व बारीक होतो. अमेरिकेनें १९६५ च्या फेब्रुवारींत सोडलेला 'लेस १' हा उपग्रह हौशी लोकांचा नव्हता, तो मॅसॅच्युसेट्स येथील प्रयोगशाळेचा होता; परंतु दीर्घ मौनानंतर त्याचा आवाज २०१३ मध्यें इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यांतील एका हौशी निरीक्षकासच प्रथम सांपडला. दर चार सेकंदांच्या सुमारास कण्हल्यासारखा होणारा तो आवाज ऐकून लोकांस भूत आठवलें, पण तें भूत नसून उपग्रहाचें गडगडणें होतें. ऑस्कर ७ च्या बाबतींत तर मौनच अधिक बोलकें ठरलें. हा आवाज उपग्रह उन्हांत असेपर्यंतच येतो. पृथ्वीच्या छायेंत शिरतांच तो तुटतो आणि बाहेर पडतांच पुन्हां सुरू होतो.

या शेवटच्या साक्षींतूनच पुनरुज्जीवनाचें कोडें सुटतें. बॅटरी चांगली असती, तर छायेंतही आवाज चालू राहिला असता. ती पूर्वींसारखीच शॉर्ट असती, तर उन्हांतही आवाज आला नसता. उन्हांत आवाज आणि छायेंत मौन, याचा अर्थ एकच निघतो. बॅटरी आतां मंडलांतून वगळली गेली आहे. एकवीस वर्षें ऊन व थंडी सोसतां सोसतां बिघडलेल्या घटांपैकीं एखादा आंतून तुटला असावा, आणि प्रवाहाची ती आडवाट बंद झाली असावी. मग सौरपट्ट्यांची वीज पुन्हां थेट प्रेषकाकडे जाऊं लागली. ज्या बॅटरीच्या बिघाडानें उपग्रह मुका झाला, त्याच बॅटरीच्या आणखी बिघाडानें त्याला वाचा फुटली. रोग्यास वैद्य मिळाला नाहीं. रोगच पुढें जाऊन निकामी झाला. त्यानंतरही हा उपग्रह चालत राहिला, आणि २०२४ च्या नोव्हेंबरांत त्याला पन्नास वर्षें पुरीं झालीं तेव्हांही त्याचा आवाज उन्हांत ऐकूं येत होता. छायेंतून बाहेर आल्यावर त्याच्या दोन यंत्रांपैकीं कोणतें जागें होईल याचा मात्र नेम नाहीं. शिवाय बॅटरीचा आधार नसल्यामुळें कोणी फार जोरानें प्रक्षेपण केलें, तर यंत्रावर भार पडून सर्वांचेच आवाज थरथरूं लागतात. म्हणून तेथें हलक्या आवाजांत बोलावें, असा शिष्टाचार हौशी मंडळींनीं पाळला आहे. वडील माणसाशीं बोलतांना आपण पाळतों, तसाच हा आहे.

साक्षींचा विचार करतांना उत्पत्तीच्या पुस्तकांतील इसहाकाची गोष्ट आठवल्यावांचून राहत नाहीं. म्हातारपणीं दृष्टि गेलेल्या इसहाकापुढें याकोब हा एसावाचें सोंग घेऊन उभा राहिला. आवाज याकोबाचा आहे, हें पित्यानें ओळखलें होतें. परंतु हातांस केंस लागले, वस्त्रांस एसावाचा वास आला, आणि त्यानें आशीर्वाद देऊन टाकिला. दोन साक्षीदार एकमेकांविरुद्ध बोलत असतां न्यायाधीशानें थांबावयास हवें होतें. तो थांबला नाहीं, आणि एका घराचीं दोन घरें झालीं. दोघां-तिघां साक्षीदारांच्या तोंडून गोष्ट शाबीत व्हावी, हा मोशेच्या नियमशास्त्रांतील दंडक किती शहाणपणाचा आहे, हें अशा वेळीं कळतें. अनोळखी आवाजाच्या बाबतींत एकच साक्ष कितीही गोड लागली तरी तिच्यावर नांव ठेवूं नये; आणि एक जरी साक्ष विरुद्ध गेली, तरी नांव मागें घेण्याची तयारी ठेवावी.

हा सारा उद्योग मोठ्या प्रयोगशाळांचा आहे, शाळेंतील मुलांचा नव्हे, असें कोणास वाटेल. त्यांच्यासाठीं इंग्लंडमधील केटरिंग ग्रामर स्कूलचें उदाहरण पुरेसें आहे. तेथें जेफ्री पेरी हे पदार्थविज्ञान शिकवीत असत. रसायन शिकविणाऱ्या एका सहकाऱ्यास हौशी रेडिओचा नाद होता. दोघांनीं १९६० पासून साध्या ग्राहकयंत्रावर रशियन उपग्रहांचे आवाज ऐकण्यास आरंभ केला आणि मुलांस डॉप्लरचा नियम फळ्यावर न शिकवितां आकाशावर शिकविला. मुलें वेळा टिपीत, आलेख काढीत, कक्षा मांडीत. १९६६ च्या मार्चमध्यें सोडलेल्या 'कॉसमॉस ११२' या उपग्रहाची कक्षा विषुववृत्ताशीं ७२ अंशांचा कोन करते, असें त्यांस आढळलें. तोंवरच्या रशियन उपग्रहांचे कोन याहून कमी असत. मग त्याच वर्षांतील पुढच्या उपग्रहांचे मार्ग नकाशावर मागें मागें नेऊन पाहतां ते रशियाच्या उत्तरेकडील एका ठिकाणीं एकमेकांस छेदतात असें दिसलें. तेथें प्लेसेत्स्क येथें एक गुप्त प्रक्षेपणस्थळ होतें. रशियन सरकारनें त्याचें अस्तित्व उघडपणें मान्य केलें तें १९८३ मध्यें. शाळेच्या एका खोलींत तें सतरा वर्षें आधीं ठाऊक झालें होतें. त्या मुलांजवळ हेर नव्हते. त्यांच्याजवळ घड्याळ होतें, वही होती, आणि न जुळणारा एक आंकडा डावलून न टाकण्याची संवय होती.

आपल्या देशाचाही या विद्येशीं संबंध आहे. ता. ५ मे २००५ रोजीं श्रीहरिकोटा येथून 'हॅमसॅट' हा साडेबेचाळीस किलोग्रॅमचा उपग्रह केवळ हौशी रेडिओसाठीं सोडण्यांत आला. त्यांतील एक पुनःप्रक्षेपक भारतीय हौशी मंडळींच्या साह्यानें झाला होता, तर दुसरा हॉलंडांतील एका विद्यार्थ्यानें बनविला होता. नऊ वर्षांनंतर, जुलै २०१४ मध्यें, बॅटरी निकामी झाल्यामुळें त्याची सेवा संपली. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनीं घडविलेला, वजनानें एक किलोग्रॅमच्या आंतबाहेर असलेला 'स्वयम्' हा उपग्रह ता. २२ जून २०१६ रोजीं कक्षेंत गेला. हौशी लोकांच्या पट्ट्यांतच त्यानें बोलावें अशी योजना होती. अलीकडे एकाच अग्निबाणांतून अनेक उपग्रह सोडण्याची रीत पडल्यामुळें ओळखीचा प्रश्न आणखीच बिकट झाला आहे. ता. १५ फेब्रुवारी २०१७ रोजीं आपल्याच एका अग्निबाणानें १०४ उपग्रह सोडले. अशा वेळीं रडारला आरंभीं कित्येक ठिपके एकामागून एक चाललेले दिसतात, पण कोणता ठिपका कोणाचा हें तें सांगूं शकत नाहीं. ज्याची वक्ररेषा ज्या ठिपक्याच्या मार्गाशीं जुळते तो त्याचा, असा निवाडा पुष्कळदां जमिनीवरून ऐकणाऱ्यांनाच करावा लागतो. नांव चुकलें तर उपग्रहाचा मालक भलत्याच वेळीं भलत्याच दिशेस कान लावून बसेल, आणि त्याचें जिवंत लेंकरूं मृत म्हणून सोडून दिलें जाईल.

आतां ज्यांस या अभ्यासाची गोडी लागेल त्यांच्यासाठीं थोडी व्यावहारिक सूचना करतों. प्रक्षेपण करावयाचें तर परवान्यावांचून करूं नये. प्रथम जाणत्या परवानाधारकाजवळ बसून ऐकण्यास शिकावें. वहीच्या प्रत्येक पानावर पांच रकाने आंखावे. पहिल्यांत तारीख व वेळ, सेकंदांसह. दुसऱ्यांत कंपनसंख्या, दर मिनिटास एकदां. तिसऱ्यांत ऐकूं आलेलीं अक्षरें व अंक. चौथ्यांत आवाजाचा चढउतार. पांचव्यांत तो आला केव्हां व तुटला केव्हां. सर्व जग एकच प्रमाणवेळ वापरतें व ती आपल्या घड्याळाच्या साडेपांच तास मागें आहे, हें विसरूं नये. नाहींतर खरी नोंदही खोटी ठरेल. अस्पष्ट अंकाच्या जागीं तर्कानें अंक भरूं नये, तेथें आडवी रेघ ओढावी. रिकामी जागा कोणास फसवीत नाहीं, भरलेली फसवूं शकते. आणि नांवाचा रकाना पानाच्या अगदीं तळाशीं ठेवावा, म्हणजे तो सर्वांच्या शेवटीं भरला जाईल. मनांत एकदां नांव ठरलें, कीं कान त्या नांवास साजेल तेवढेंच ऐकूं लागतो, हा मनुष्यस्वभाव आहे.

ऑस्कर ७ चें आयुष्य पाहतां मनांत शेवटीं हाच विचार येतो, कीं त्याचा शोध लावणाऱ्यांनीं कांहीं नवीन निर्माण केलें नाहीं. एकवीस वर्षें तो सर्वांच्या डोक्यावरून दिवसांतून अनेक वेळां जात होता. तो बोलूं लागला तेव्हां त्याचें बोलणें तुटक होतें, त्यांत त्याचें नांव नव्हतें, आणि इतर गलबल्यांत तें बुडून जाण्यासारखें होतें. कोणीतरी थांबून ऐकलें, नीट लिहून घेतलें, आणि घाईनें नांव न देतां इतरांस विचारलें, म्हणून एका मृत मानलेल्या मित्राचें नांव पुन्हां जिवंतांच्या यादींत लिहिलें गेलें. आपल्या वर्गांतही मागच्या बांकावर वर्षानुवर्षें न बोलणारा एखादा मुलगा असतो. त्याचा पहिला अस्पष्ट शब्द कानीं येईल, तेव्हां हेंच धोरण ठेवावें.